कंसातला लिनिअस

आयफेल हा पश्चिम जर्मनीतला डोंगराळ भाग. बॉनहून गाडीनं दीडेक तासात तिथल्या गेरोलस्टाइनला पोचता येतं. बुडबुडेवाल्या पाण्याच्या बाटलीवर या गावाचं नाव असतं, म्हणून ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जीवाश्मांच्या नादी लागलेली माणसं मात्र त्याला वेगळ्या कारणासाठी ओळखतात. तीन वर्षांपूर्वी तिथून जवळच्याच एका खेड्यात, रविवारच्या जुन्या बाजारात मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा विकत घेतला. बिस्किटं अर्थातच नव्हती. आत चौदा दगड होते आणि काही घडी घातलेल्या चिठ्ठ्या. डबा विकणाऱ्या बाईंना दगडांपेक्षा डबा महत्त्वाचा वाटत होता. "दगड टाकून दिलेत तरी चालतील," असं त्या म्हणाल्या.

बहुतेक दगड म्हणजे शिंपल्यांचे झिजलेले तुकडे होते. एकच निराळा होता. साधारण चार सेंटिमीटर लांबीचा आणि सपातेच्या पुढच्या भागासारखा. खालची बाजू तळव्यासारखी सपाट, वरची कमानदार, टोक निमुळतं. पाय घालायच्या जागी अर्धगोल तोंड, आणि त्या तोंडावर तसंच अर्धगोल झाकण घट्ट बसलेलं. सोबतच्या चिठ्ठीवर तपकिरी शाईत, जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात तीन शब्दगट होते. मला एक अक्षर लागेना. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला दाखवल्यावर तिनं चष्मा कपाळावर सरकवून ते सहज वाचलं: "कॅल्सिओला सँडॅलिना. ब्रॅकिओपोडा. गेरोलस्टाइन."

घरी येऊन मी शोधाशोध केली आणि अर्ध्या तासात कळलं, की चिठ्ठीतला मधला शब्द चूक आहे. ब्रॅकिओपॉड म्हणजे दोन शिंपांच्या आत राहणारा समुद्री प्राणी. कॅल्सिओला हा शिंपल्याचा प्राणीच नव्हे, ते प्रवाळ आहे. मी एक स्वच्छ पांढरं कार्ड घेतलं, त्यावर योग्य वर्गीकरण छापलं आणि जुनी चिठ्ठी कचऱ्याकडे नेता नेता थांबले. असंच एक काम मी पूर्वी एकदा केलं होतं. त्याबद्दल शेवटी सांगते. त्याआधी ती चूक कुठून आली ते सांगायला हवं, कारण ती त्या अनाम संग्राहकाची नव्हती. जवळजवळ शंभर वर्षं युरोपातल्या उत्तमोत्तम नजरांनी ती केली होती.

*

प्रवाळ म्हटलं, की आपल्या मनात दोन गोष्टी येतात. एक, अंगठीतलं पोवळं. मंगळासाठी घालायचं, नवरत्नांतलं एक, म्हणजे आपल्या हिशेबी रत्नच. दुसरी, टीव्हीवर दिसणाऱ्या रंगीत प्रवाळभिंती, जिथे असंख्य इवले प्राणी एकमेकांना चिकटून एकच मोठी वसाहत उभी करतात. पण प्रवाळांमध्ये एकांड्या शिलेदारांचीही मोठी परंपरा आहे. असा प्राणी वसाहत करत नाही. एकटाच स्वतःपुरतं चुन्याचं घर बांधतो. त्याचा आकार बहुधा शिंगासारखा: खाली टोक, वर रुंद होत गेलेली वाटी. वाटीच्या आत कडेपासून मध्याकडे जाणारे उभे पातळ पडदे असतात. मऊ देह त्या वाटीत बसतो. प्राणी वाढतो तशी वाटी वर वर सरकते.

प्रवाळ हा प्राणी आहे हे तरी कुठे सहज कळलं होतं? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ते समुद्रातलं झाड समजलं जाई. झां-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्यानं समुद्रातून ताज्या काढलेल्या पोवळ्याचं निरीक्षण केलं. ज्याला लोक फुलं म्हणतात ते छोटे प्राणी आहेत, असं त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथला थोर निसर्गतज्ज्ञ रेओम्यूर यानं ही कल्पना खोडून काढली आणि ती मांडणाऱ्याचं नावही घेतलं नाही. १७४० च्या दशकात ट्रेम्ब्लीनं गोड्या पाण्यातल्या हायड्राचे प्रयोग केले, तेव्हा कुठे पेसोनेलचं म्हणणं लोकांना पटू लागलं.

याच काळात, १७४१ साली, कार्ल लिनिअस बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर गेला. गॉटलंडचे किनारे म्हणजे सिल्युरियन काळातल्या, चाळीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळाचा चुनखडक. तिथे दगडी शिंगं आणि वाट्या पायाखाली येतात. चार वर्षांनी उप्साला विद्यापीठात बाल्टिक प्रदेशातल्या प्रवाळांवर एक प्रबंध सादर झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याचा बचाव हेन्रिक फाउग्ट या विद्यार्थ्यानं केला, विषय आणि विचार गुरूचे. त्यात एकांड्या शिंगप्रवाळांची वर्णनं आणि चित्रं आहेत, आणि त्यांना प्रवाळ म्हणूनच ओळखलेलं आहे. म्हणजे दगड झालेलं एकांडं प्रवाळ कसं दिसतं हे युरोपात ज्या थोड्यांना नीट ठाऊक होतं, त्यांत लिनिअस होता.

तरीही १७७१ साली दगडी सपातेला नाव देताना त्यानं तिला प्रवाळांत घातलं नाही. अनोमिया नावाच्या शिंपल्यांच्या प्रजातीत घातलं. मराठी जीवशास्त्रात 'प्रजाती' हा मोठा गट आणि 'जाती' हा त्यातला लहान गट. माणसाच्या आडनाव-नावासारखी ही जोडी असते, आणि ही पद्धत रूढ केली तीही लिनिअसनंच. अनोमिया ही त्याच्या वर्गीकरणातली थोडी अडगळीची खोली होती. ज्यांच्या दोन शिंपा एकसारख्या नाहीत, अशा पुष्कळांची सोय तिथे लागली होती. आज आपण ज्यांना ब्रॅकिओपॉड म्हणतो त्यांतलेही काही तिथेच होते.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की चूक समजते. हातात एक वस्तू आहे. तिला एक खोलगट भाग आहे आणि त्यावर नीट बसणारा दुसरा सपाट भाग. दोन्हींवर वाढीच्या रेषा आहेत. दोन भाग एका सरळ कडेवर बिजागरीसारखे टेकतात. आणि जगातल्या कुठल्याही ठाऊक असलेल्या शिंगप्रवाळाला झाकण नाही. झाकण आहे म्हणजे शिंपला. यात उतावीळपणा नव्हता. उपलब्ध अनुभवावरून काढलेला तो अगदी सरळ निष्कर्ष होता.

*

यानंतरच्या लोकांनी सपातेची खोली अनेकदा बदलली, पण घर तेच ठेवलं.

१७९९ साली फ्रान्सच्या लामार्कनं शिंपल्यांची नवी मांडणी केली. त्यात त्यानं तिला अनोमियातून बाहेर काढलं आणि स्वतंत्र प्रजाती दिली: कॅल्सिओला, म्हणजे लॅटिनमध्ये छोटं पादत्राण. जातीच्या नावात सँडल होतीच. त्यामुळे कॅल्सिओला सँडॅलिना हे नाव म्हणजे 'सपातेसारखी सपाता' असं काहीसं झालं. आकाराशिवाय दुसरं काही ठामपणे सांगता येत नव्हतं, हे त्या नावातच दिसतं.

पुढे १८१९ मध्ये लामार्कनं तिला रुडिस्ट नावाच्या कुळात नेऊन बसवलं. रुडिस्ट हे डायनोसॉरांच्या काळातले विचित्र शिंपले. त्यांची एक शिंप शिंगासारखी लांब वाढते आणि दुसरी तिच्यावर झाकणासारखी बसते. म्हणजे ते खरोखरच शिंपले, पण दिसायला एकांड्या प्रवाळासारखे. शिंपल्यासारखं दिसणारं प्रवाळ लामार्कनं प्रवाळासारख्या दिसणाऱ्या शिंपल्यांत ठेवलं. त्याच्या नजरेला साम्य अचूक दिसलं होतं. त्या साम्याचा अर्थ लागला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात ब्रॅकिओपॉडांचा अभ्यास वाढला. वरून शिंपल्यांसारखे दिसले तरी यांचा देह अगदी निराळा असतो. शिंपल्याच्या दोन शिंपा प्राण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतात, ब्रॅकिओपॉडाच्या पाठीला आणि पोटाला. त्यामुळे त्याची एक शिंप दुसरीहून वेगळी असणं ही नित्याची गोष्ट. सपातेलाही हे लागू पडत होतं, म्हणून ती ब्रॅकिओपॉडांत आली. स्कॉटिश अभ्यासक टॉमस डेव्हिडसन यानं ब्रॅकिओपॉडांसाठी अख्खं आयुष्य दिलं. आपल्या ग्रंथांतल्या चित्रांचे दगडी छापही तो स्वतःच काढायचा. ब्रिटनमधल्या डेव्होनियन काळातल्या ब्रॅकिओपॉडांवरचा त्याचा ग्रंथ १८६४-६५ मध्ये आला, त्यात कॅल्सिओला सँडॅलिना आहे. माझ्या डब्यातली चिठ्ठी लिहिणाऱ्यानं तेव्हाचं सर्वांत चांगलं पुस्तक उघडलं असतं, तरी त्यानं तेच लिहिलं असतं.

*

उत्तर आलं ते पुन्हा गॉटलंडमधून.

गुस्टाफ लिंडस्ट्रम १८२९ साली बेटावरच्या व्हिस्बी गावात जन्मला. उप्सालाला शिकून तो परत गावी आला आणि शाळेत शिकवू लागला. १८७६ मध्ये स्टॉकहोमच्या राष्ट्रीय निसर्गसंग्रहालयात प्राध्यापक होईपर्यंत तो तिथेच होता. लिनिअस जिथे प्रवासी म्हणून फिरून गेला, तिथे हा वर्षानुवर्षं राहिला. या फरकाला मी बरंच महत्त्व देते.

गॉटलंडच्या खडकात गोनिओफिलम पिरॅमिडाले नावाचं एक एकांडं प्रवाळ सापडतं. नावाप्रमाणे त्याचा आकार चौकोनी पिरॅमिडसारखा, टोक खाली. ते प्रवाळ आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती, कारण आत पडदे होते आणि बाकीची रचनाही प्रवाळाची होती. पण या प्रवाळाला झाकण होतं, तेही चार तुकड्यांचं, चौकोनी तोंडाच्या प्रत्येक बाजूला एक. एवढं सिद्ध झालं, की 'झाकण म्हणजे शिंपला' हा पायाच निखळतो.

दुसरा पुरावा त्याहून जवळचा होता. गॉटलंडमध्ये सपातेसारखाच आणखी एक जीवाश्म मिळतो. जर्मन भूशास्त्रज्ञ फर्डिनांड रोमर यानं १८५६ मध्ये त्याला कॅल्सिओला गॉटलंडिका असं नाव दिलं होतं. लिंडस्ट्रमनं त्याच्या आत पाहिलं. आयफेलच्या सपातेची आतली पोकळी चुन्यानं जवळजवळ भरीव झालेली असते, त्यामुळे तिथे वाचण्यासारखं फार उरत नाही. या नातेवाइकात मात्र बुडबुड्यांसारख्या पातळ पापुद्र्यांची जाळी होती, जशी अनेक जुन्या प्रवाळांत असते. बाहेरून मुळांसारखे फाटे फुटलेले होते. त्यावरूनच पुढे त्याला रायझोफिलम, म्हणजे 'मुळांचं', असं नाव मिळालं. कुठल्याही ब्रॅकिओपॉडाच्या शिंपेत अशी जाळी नसते.

आता सपातेकडे परत वळलं, की इतके दिवस समोरच असलेल्या गोष्टी दिसू लागतात. वाटीच्या आतल्या भिंतीवर बारीक उभ्या कडा आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध एक ठळक कणा आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक कडा. लिनिअस-लामार्कपासून सगळ्यांनी त्या पाहिल्या होत्या, चित्रांत काढल्याही होत्या. शिंपला म्हणून पाहताना ती नुसती नक्षी होती. प्रवाळ म्हणून पाहताना ते पडदे झाले, बुटके आणि दबलेले, पण पडदेच.

लिंडस्ट्रमनं हे १८६५ मध्ये स्वीडिशमध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर 'जिऑलॉजिकल मॅगझिन'मध्ये छापून आलं. १८८२ मध्ये त्यानं झाकणवाल्या प्रवाळांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. सपाता अखेर रुगोझा या गटात गेली. रुगोझा म्हणजे सुरकुतलेले. अंगावर आडव्या सुरकुत्या असलेल्या या जुन्या प्रवाळांना हे नाव मिल्न-एडवर्ड्स आणि एम या फ्रेंच जोडीनं १८५० मध्ये दिलं होतं. त्यांची खूण पडद्यांच्या क्रमात असते. आधी सहा पडदे येतात आणि नंतरचे नवे पडदे वाटीच्या सगळ्या भागांत न येता फक्त चार ठिकाणी येत राहतात. म्हणून वरून गोल दिसणाऱ्या रुगोझालाही डावी-उजवी बाजू असते. आजच्या दगडी प्रवाळांत तसं नसतं. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटच्या महासंहारात रुगोझा पूर्ण नाहीसे झाले. त्यामुळे जिवंत नमुना पाहून खात्री करायची सोय कुणालाच नव्हती, आजही नाही.

*

एकांड्या प्रवाळाचं वर्णन करण्याचं काम आजही लिंडस्ट्रमच्याच वाटेनं होतं, साधनं तेवढी सुधारलीत. बाहेरचा आकार आधी नोंदवतात: लांबी, तोंडाचा व्यास, टोकाचा कोन. पण त्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. शिंग सरळ आहे की वाकडं हे त्या प्राण्याला वाढायला कशी जागा मिळाली, त्यावरही असतं. चिखलात कलंडलेलं प्रवाळ पुन्हा वर तोंड करून वाढतं आणि वाकतं. म्हणून दगड कापावा लागतो. एक काप आडवा, एक उभा. काप काचेवर चिकटवून घासत घासत साधारण ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. मग पडदे मोजायचे, त्यांची लांबी, जाडी, मध्यापर्यंत पोचतात की नाही, आडवे तक्ते आहेत का, पापुद्र्यांची जाळी आहे का. वर्णन करायचं तर वस्तूचा काही भाग कायमचा घासून नाहीसा करावा लागतो.

बाहेरचा आकार नात्याबद्दल किती फसवू शकतो, याचा सपातेइतकाच चांगला दाखला आपल्या उपखंडातला आहे, फक्त उलट दिशेचा. पंजाबच्या सॉल्ट रेंजमध्ये, आजच्या पाकिस्तानात, पर्मियन काळातला एक जीवाश्म मिळतो. शंकूसारखी वाटी, खाली मुळांसारखे फाटे, वर झाकण. बेल्जियमच्या द कोनिंक यानं १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला ठेवलं कुठे, तर त्याच जुन्या अनोमियात. पुढे त्याला रिख्तोफेनिया हे स्वतंत्र नाव मिळालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम वागेन यांनी सॉल्ट रेंजच्या जीवाश्मांवर कलकत्त्याहून निघणाऱ्या ग्रंथमालेत सविस्तर लिहिलं, त्यात याचाही समावेश होता. दिसायला ते झाकणवालं प्रवाळच. पण हा निघाला खरा ब्रॅकिओपॉड.

एक प्रवाळ शिंपल्यांत गेलं, एक ब्रॅकिओपॉड प्रवाळासारखा निघाला, आणि रुडिस्ट हे तिसरे. तिघांची कुळं वेगळी, काळ वेगळे, पण राहणी मिळतीजुळती: समुद्राच्या तळाशी एका जागी बसून राहायचं, गाळात बुडू नये म्हणून वर वर वाढायचं, नको ते आत येऊ लागलं की झाकण लावायचं. सपातेची सपाट बाजू बहुधा मऊ चिखलावर टेकण्यासाठी असावी. फ्रँकफर्टच्या रुडॉल्फ रिख्टर यानं १९२९ मध्ये झाकणवाल्या प्रवाळांतल्या आकार आणि कार्याच्या नात्यावरच लेख लिहिला. आकार खोटं बोलत नव्हता. तो राहणीबद्दल सांगत होता, आणि आपण त्याला कूळ विचारत होतो.

*

आता चिठ्ठीकडे येते.

आज शास्त्रीय लेखात सपातेचं पूर्ण नाव असं लिहितात: कॅल्सिओला सँडॅलिना (लिनिअस, १७७१). यातला कंस सजावटीसाठी नाही. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा, की जातीचं नाव प्रथम देणाऱ्याचं नाव पुढे लिहायचं. ती जाती नंतर दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल, तर त्याचं नाव कंसात घालायचं. म्हणजे कंस वाचणाऱ्याला सांगतो: या माणसानं ही वस्तू पहिल्यांदा ओळखली, पण तेव्हा तिला दुसरीकडे ठेवलं होतं. श्रेय आणि दुरुस्ती दोन्ही एकाच खुणेत. लिनिअसला खोडलेलं नाही आणि सांभाळूनही घेतलेलं नाही.

आणि मधल्या काळात ही चूक असतानाही काम थांबलं नव्हतं. आयफेलमध्ये ज्या थरांत सपाता सापडते त्यांना जर्मन भूशास्त्रज्ञ 'कॅल्सिओला थर' म्हणत. हे थर साधारण एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्या कालखंडाला आज आयफेलियन असंच नाव आहे. १९०८ मध्ये काउपर रीड यानं ब्रह्मदेशातल्या उत्तर शान राज्यांमधल्या डेव्होनियन जीवाश्मांचं वर्णन भारतीय सर्वेक्षणाच्या त्याच ग्रंथमालेत छापलं. त्यात पाडौकपिनच्या चुनखडकातली कॅल्सिओला सँडॅलिना आहे. आयफेल आणि ब्रह्मदेश एका काळाच्या धाग्यात ओवायला ती उपयोगी पडली. अशा कामाला प्राण्याचं कूळ ठाऊक असावं लागत नाही. ही तीच वस्तू आहे आणि ती अमुक जागी, अमुक थरात मिळाली, एवढं मात्र ठाऊक असावं लागतं.

माझे बाबा पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्याकडचा दगड म्हणजे काळा कातळ, लाव्ह्याचा. त्यात सपाता मिळायची नाही. पण कातळाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक वाढलेले असतात: मोरपिसाऱ्यासारखं स्टिल्बाइट, काचेच्या ठोकळ्यासारखं अपोफिलाइट. वाघोलीच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बाबांना ते खाणकामगारांकडून आणि विहिरी खणणाऱ्यांकडून मिळायचे. प्रत्येक दगडाखाली ते एक चिठ्ठी ठेवायचे. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाचा तुकडा, नाहीतर एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. त्यावर नाव बहुतेक वेळा एकच: गारगोटी. पांढरं आणि चकचकीत ते सगळं त्यांच्या लेखी गारगोटी. आणि खाली: कुणाची विहीर, कुठल्या गावची, किती परसावर लागलं, कुणी आणून दिलं.

ते गेल्यावर मी त्यांचा संग्रह नीट लावायला घेतला. पुस्तकं आणली, एकेक खनिज ओळखलं आणि सुबक छापील लेबलं केली. स्टिल्बाइट. ह्यूलँडाइट. अपोफिलाइट. एकही नाव चुकलं नाही, त्याचा मला अभिमान होता. चिठ्ठ्या चुकीच्या होत्या, मळक्या होत्या. मी त्या एका पिशवीत भरून रद्दीत दिल्या. दोन वर्षांनी भूशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी संग्रह पाहायला आला. त्यानं एक हिरवट अपोफिलाइट हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे कुठलं?" मला सांगता आलं नाही. त्यानं आणखी तीन दगडांबद्दल विचारलं. मग विचारायचं थांबवलं, चहा घेतला आणि आभार मानून गेला. बाबांचं नाव चुकलेलं असायचं, गाव चुकलेलं नसायचं. माझ्या लेबलांवर नावं सगळी बरोबर आहेत आणि गाव एकही नाही. तो संग्रह आज दिसायला सुंदर आहे, पण अभ्यासाला त्याचा उपयोग नाही.

संग्रहालयांत काम करणाऱ्यांचा एक साधा नियम असतो, तो मला फार उशिरा कळला. जुनं लेबल कधी टाकायचं नाही. चूक असलं तरी नाही. नवं लेबल करायचं, तारीख घालायची आणि ते जुन्यासोबतच ठेवायचं. म्हणून जुन्या संग्रहांत एकेका दगडाखाली तीन-चार लेबलांची चळत असते, प्रत्येकाची शाई वेगळी आणि मत वेगळं. कंसातला लिनिअस म्हणजे हीच चळत, एका ओळीत मावेल इतकी लहान केलेली.

आयफेलमधल्या काही प्रसिद्ध जागा आता संरक्षित आहेत. गेरोलस्टाइनजवळच्या गेस गावच्या शेतांतून पूर्वी लोक पिशव्या भरभरून जीवाश्म नेत, आज तिथे ते गोळा करायला मनाई आहे. तेव्हा जुन्या डब्यातल्या सपातेचं गाव सांगणारं, माझ्यापाशी तरी, ती तपकिरी चिठ्ठी एवढंच काही आहे. ती लिहिणाऱ्याचं कूळ चुकलं. 'गेरोलस्टाइन' मात्र त्यानं नीट, दोनदा गिरवून लिहिलंय.

मी चिठ्ठी परत घडी करून दगडाखाली ठेवली. पांढऱ्या कार्डावर देवनागरीत लिहिलं: कॅल्सिओला सँडॅलिना (लिनिअस, १७७१). रुगोझा, एकांडं प्रवाळ. गेरोलस्टाइन, जुन्या चिठ्ठीनुसार. खाली तारीख घातली आणि ते कार्ड चिठ्ठीच्या वर नाही, शेजारी ठेवलं. माझ्यानंतर हा डबा ज्याच्या हाती जाईल त्याला हे अक्षर लागेल की नाही, कोण जाणे. कुणीतरी शेजारीण सापडेल त्यालाही.